धुतलेल्या रेतीचा स्लॅब

घर विकायला काढलं तेव्हा मला वाटलं होतं, सगळ्यात कठीण काम गिऱ्हाईक मिळवण्याचं असेल. गिऱ्हाईक लगेच मिळालं. श्रीवर्धनच्या अलीकडचं गाव, मागे सुपारीची लहानशी वाडी, पुढे अंगण आणि समुद्राची गाज ऐकू येणारी ओटी. पुण्या-मुंबईच्या माणसांना आणखी काय हवं? कठीण निघालं ते वेगळंच. त्या घरातून माझ्या नवऱ्याला बाहेर काढायचं होतं, आणि तेही त्यांचं मन न मोडता. घराच्या किमतीत घासाघीस करता येते. ह्या दुसऱ्या कामात मला कुणाचा सल्ला मिळाला नाही.

ह्यांना अर्धांगाचा दुसरा झटका आला तो दिवाळीनंतर. पहिल्या झटक्यातून हे पाय ओढत का होईना, हिंडूफिरू लागले होते. दुसऱ्याने उजवा हात नेला आणि बोलणं तुटक करून ठेवलं. अ‍ॅम्ब्युलन्स माणगावपर्यंत, तिथून दुसरी पनवेलपर्यंत, आणि वाटेत मी सगळ्या देवांना वेठीला धरलेलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर एवढा वेळ हाताशी नसेल. मुलगी पनवेललाच असते. ती म्हणाली, "आई, आता पुरे. घर विका. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर फ्लॅट निघालाय, तो घेऊ." तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. मी जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, हिशेब मलाही पटला. ह्यांना विचारलं, तर हे खुर्चीत बसून वाडीकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. आम्ही मायलेकींनी तो होकार धरला.

घेणारं जोडपं पुण्याचं होतं. दोघंही बँकेत, बोलायला गोड, चपला दाराबाहेर काढून आत येणारी माणसं. घर त्यांना आवडलं. जाताना बाई म्हणाल्या, "काकू, राग मानू नका, पण आमच्या ओळखीच्या एक इंजिनीअर येऊन एकदा घर तपासून जातील." राग मानू नका म्हटलं की मला तो हमखास येतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या घरात काय खोट आहे म्हणून तपासायचं? हे मात्र खुश झाले. डावा हात उचलून म्हणाले, "बघू दे. पक्कं... आहे."

हे असं का म्हणाले ते सांगायला हवं. आमच्या स्लॅबची गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक माणसाने ऐकलेली आहे. जावयाने तर इतक्यांदा की तो पुढचं वाक्य आधीच म्हणायचा. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि मी शाळेत. ह्याच गावात भाड्याच्या दोन खोल्यांत संसार होता. आधी जागा घेतली, मग जोतं घातलं, मग भिंती उभ्या केल्या, जमेल तसं एकेक वर्षी एकेक. स्लॅब टाकायच्या वर्षी नदीच्या रेतीचा ट्रक परवडेना. खाडीची रेती हवी तेवढी दारात येऊन पडत होती, पण तिच्यात मीठ. तेव्हाचा गवंडी म्हणाला, चालतं, सगळे तीच टाकतात. ह्यांना ते पटेना. मीठ लोखंडाचं काय करतं ते हे रोज गाड्यांच्या पत्र्यांवर बघत होते. ह्यांनी ठरवलं, रेती धुवायची. सगळीच्या सगळी.

त्या मे महिन्यात आम्ही दोघांनी रेती धुतली. शाळेला सुट्टी होती, ह्यांनी रजा काढली. ह्यांनी विहिरीचं पाणी सोडायचं, मी टोपल्या हलवायच्या, गढूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग हे चिमूटभर रेती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "अजून खारी." की पुन्हा तीच टोपली. "गोड झाली" म्हणाले की ती पलीकडच्या ढिगात. शेजारपाजारचे कुंपणाशी उभे राहून हसायचे. मीही तोंडाने ह्यांचा उद्धारच करत होते, कारण माझी कंबर मोडली होती. पण खरं सांगायचं तर नवऱ्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही वाटला नाही. चाखून घेतलेल्या रेतीच्या घरात मी राहणार होते.

इंजिनीअर बाई महाडहून आली. माझ्या मुलीच्या वयाची, शांत, खांद्याला पिशवी. पिशवीत टॉर्च, भिंतीतली ओल मोजायचं एक यंत्र आणि एक लहानशी हातोडी. तिने छताला ठोकून बघायला सुरुवात केली. ह्यांनी मला खुर्ची तिच्या मागोमाग खोलीखोलीतून ढकलायला लावली. हातोडी वाजली की हे मान डोलवायचे. ओटी झाली, पुढची खोली झाली, आवाज खणखणीत. स्वयंपाकघरात आल्यावर आवाज बदलला, बद्द झाला. पश्चिमेच्या कोपऱ्यात तसाच, न्हाणीघरात तसाच. ह्यांची मान थांबली. तिने आमची परवानगी घेऊन तेवढ्यापुरता गिलावा पाडला. आतली सळई गंजून फुगली होती आणि तिचे पापुद्रे सुटत होते.

"समुद्राच्या वाऱ्याने झालं ना?" मी विचारलं.

"वाऱ्याने बाहेरून होतं, काकू. हे आतून आलंय. रेतीत मीठ असणार."

"धुतली," हे एकदम म्हणाले. मग पुन्हा, जोर लावून, "सगळी... धुतली होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं, चाखण्यासकट. तिने मन लावून ऐकलं, हसली नाही. मग प्यायला पाणी मागितलं. मी विहिरीचं पाणी पेल्यातून दिलं. एक घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला. "काकू, हे पाणी जरा खारट लागतंय का?"

होळीच्या सुमाराला आमच्या विहिरीचं पाणी पालटतं आणि वैशाखात चांगलंच मचूळ होतं. पाहुणे तक्रार करतात, आम्ही हसण्यावारी नेतो. आमचा जन्म ह्याच पाण्यावर गेला, आमच्या जिभेला ते गोडच लागतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे त्या पेल्याकडे बघत होते. ज्या पाण्याने रेती धुतली त्या पाण्यातच मीठ होतं, आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या जिभेने ती पारखली होती. आम्हा दोघांनाही ते एकाच वेळी कळलं. इंजिनीअर बाईलाही कळलं असावं, पण पोरगी शहाणी. तिने पिशवी आवरायला घेतली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

चारआठ दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. स्लॅबची दुरुस्ती, नाही तर तो गळायला लागेल; शिवाय पश्चिमेच्या भिंतीची ओल, जुनं वायरिंग, संडासाच्या टाकीचं झाकण. पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्या अगदी अदबीने म्हणाल्या की एक तर तुम्ही दुरुस्त करून द्या, नाही तर खर्चाचा अंदाज आहे तेवढे आम्ही किमतीतून कमी करतो. मुलगी म्हणाली, "आई, कमी करून मोकळी हो. गवंड्यांच्या मागे धावायचं तुझं वय नाही. आणि विकायच्या घरात घातलेला पैसा परत येत नसतो." मी गावातल्या गवंड्याला विचारलं, तर त्याने निम्म्याहून कमी आकडा सांगितला. मग मी मुलीशी वाद घालायला लागले की निम्म्यात होत असेल तर पूर्ण पैसे का कापून द्यायचे? आमचा हा वाद ह्यांच्यासमोरच फोनवर चालला होता. मध्येच ह्यांनी हात वर केला. म्हणाले, "गळकं... घर... कुणाला द्यायचं नाही." एवढं वाक्य ह्यांच्या तोंडून बाहेर यायला किती वेळ लागला! घर दुरुस्त करूनच द्यायचं ठरलं.

गवंडी म्हणजे तोंडाने किल्ले बांधणारा माणूस. "बाई, तुमी घोर करू नका. असा मजबूत करून देतो, वर हत्ती नाचला तरी हलायचा न्हाय." त्याने स्वयंपाकघराचं छत फोडलं, सळया उघड्या केल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नाहीसा झाला. शिमगा आला होता. मी त्याच्या घरी जाऊन तणतणले, तर तो हात जोडून म्हणाला, "पालखी देवळात परत गेल्याबिगर थापीला हात लावायचा न्हाय, बाई. ता तुमाला काय सांगायचा?" मलाही ते ठाऊक होतंच. शिमगा सरेपर्यंत मी ओटीवर स्टोव्ह मांडून स्वयंपाक केला आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसले.

काम पुन्हा सुरू झालं तसा खर्च पाय पसरू लागला. एक सळई उघडली की शेजारची गंजलेली सापडायची. भिंतीचा गिलावा काढला तर आतला पाइप फुटलेला. "आता उघडलाच हाय तर करून घ्या, बाई," हे वाक्य मला झोपेतही ऐकू यायला लागलं. निम्म्यात होणारं काम हळूहळू इंजिनीअर बाईच्या आकड्याला जाऊन भिडलं. मुलीने एका शब्दाने टोचलं नाही. तिने टोचलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

पण ह्या सगळ्यात ह्यांचा चेहरा उजळत चालला होता. सकाळी लवकर उठायचे, चहा होताच खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात न्यायला लावायचे. गंज ही गोष्ट ह्यांच्या हातची होती. बिगारी तारेच्या ब्रशने सळया घासायचे आणि हे बोट दाखवून म्हणायचे, "अजून. अजून." विहिरीचं पाणी वापरू देईनात. गवंडी म्हणाला, आता केमिकल असतं, पाणी कुठलंबी चालतं. ह्यांनी ऐकलं नाही. टँकर मागवायला लावला, आणि टँकर आल्यावर पाणी चाखायला स्वतः पुढे झाले नाहीत. ड्रायव्हर घाटावरचा होता, त्याच्या हातात पेला दिला. तो बिचारा प्यायला आणि म्हणाला, चांगलं आहे की. मग ह्यांनी मान हलवली. मी तिथून उठून वाडीत गेले आणि पदर तोंडाला लावून रडले.

हे दोन घास जास्त जेवायला लागले. शब्द जरा लवकर जुळायला लागले. शेजारीण म्हणाली, भाऊंच्या तोंडावर तेज आलं हो. मी हुरळून गेले. त्यापलीकडे काही बघावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी बाजारातून आले तर हे ओटीवर माझीच वाट बघत बसलेले. मला न्हाणीघराकडे चल म्हणाले. आत कमोड उचलून उंच बसवला होता आणि दोन्ही बाजूंना भिंतीत स्टीलचे दांडे ठोकले होते. ह्यांनी डाव्या हाताने दांडा धरला आणि स्वतःचे स्वतः बसले, स्वतःचे स्वतः उठले. मागून गवंडी म्हणाला, "काकांनी सांगितला, बाई. आता घर पक्का झाला. काकांना तरास नको."

हे हसत होते. म्हणाले, "पावसात... तुला... धरायला नको." मग अंगणाकडे बोट करून, "ओटीवर... पत्रा पुढे घेऊ. झड... येते."

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घराची जी कामं निघतात त्यांना आगोटीची कामं म्हणतात. कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. ही कामं माणूस का करतो? तर पुढचा पाऊस त्याच घरात काढायचा असतो म्हणून. ह्यांनी जन्मभर तेच केलं. दुसऱ्याला द्यायचं घर कुणी असं जीव ओतून डागडुजी करतं, हे ह्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं. घराचं दुखणं निघालं म्हणून घर द्यायचं, आणि आता दुखणं बरं झालं म्हणजे द्यायचं कारण उरलं नाही, असं ह्यांच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. मुलीला फोन केला, ती रडायला लागली, म्हणजे तिचाही उपयोग नव्हता. पुण्याची माणसं शेवटचं बघायला येणार असं कळलं तेव्हा मात्र गत्यंतर राहिलं नाही. दुपारी हे जागे झाल्यावर मी खाटेशी बसले. म्हटलं, "अहो, घर द्यायचं ठरलंय ना आपलं? पावसाच्या आधी."

"का?" हे म्हणाले. "नीट... झालं की."

मी सगळं पुन्हा सांगितलं. हॉस्पिटल, वाटेतला घाट, अ‍ॅम्ब्युलन्स. म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर मी एकटी काय करू?" ह्यांनी एकदा छताकडे पाहिलं. मग कूस बदलली. ओटीच्या पत्र्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

स्लॅबची शेवटची परीक्षा असते ती पाण्याची. गच्चीवरची पाणी जायची भोकं चिंध्या आणि मातीने बुजवली आणि वर पाणी कोंडून ठेवलं. ठरल्या दिवशी इंजिनीअर बाई आली, पुण्याची दोघं आली. इंजिनीअर बाई खोलीखोलीतून वर बघत फिरली, हातोडीने ठोकत गेली. सगळीकडे आवाज खणखणीत. आम्ही सगळे माना वर करून उभे. आणि मी मनात म्हणत होते, एक थेंब पडू दे. एकच थेंब पडू दे, म्हणजे ही माणसं परत जातील, आणि पुढचं पुढे बघू. एवढा पैसा आणि एवढे कष्ट ओतून बुजवलेलं छत गळावं म्हणून मी देवाला विनवत होते. थेंब पडला नाही. इंजिनीअर बाई ह्यांच्यापाशी वाकून म्हणाली, "काका, आता ह्याला काही होत नाही." ह्यांनी मान डोलवली. पुण्याच्या बाईंनी न्हाणीघर पाहिलं आणि म्हणाल्या, "अय्या, दांडे बसवलेत! बरं झालं, सासूबाईंना होतील." चांगल्या बाई आहेत त्या. त्यांच्यावर चिडायला काही कारण नव्हतं आणि मी चिडले होते.

रजिस्ट्रारच्या कचेरीत ह्यांचा फोटो काढला, अंगठा घेतला. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने विकताय ना? मी म्हटलं, "त्यांना बोलायला त्रास होतो. हो म्हणताहेत." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

आता आम्ही पनवेलला आहोत. तळमजल्याचा फ्लॅट, दाराशी रिक्षा, हॉस्पिटल हाकेवर. मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन जाते. सगळं ठरवलं होतं तसंच झालं. हे खिडकीपाशी बसतात. खिडकीतून पार्किंग दिसतं.

श्रीवर्धनकडे पावसाने झोडपून काढलं असं बातम्यांत सांगत होते, त्याच दिवशी पुण्याच्या बाईंचा फोन आला. ती दोघं घरीच येऊन राहिली होती. उत्साहाने म्हणाल्या, "काकू, दोन दिवस नुसतं कोसळतंय, पण छताला ओलसुद्धा नाही. काकांना मुद्दाम सांगा हं." मी धावतच ह्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आनंद होईल. शेजारी बसून मोठ्याने सांगितलं.

"थेंब?" ह्यांनी विचारलं.

"एकही नाही. कोरडं ठणठणीत."

ह्यांनी ते मनात नीट बसवून घेतलं. मग म्हणाले, "मग आपण... इथे कशाला?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. घाट, अ‍ॅम्ब्युलन्स, डॉक्टर. मी ह्यांचा हात धरला आणि म्हटलं, "तुमच्यासाठी, अहो. तुमच्या जिवासाठीच ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं विचारावं तसं. "मी... कधी म्हटलं?"

मी आठवून पाहिलं. दिवाळीनंतरचा तो दिवस, दुरुस्तीचे महिने, कचेरीतला साहेब. ह्यांनी म्हटलं नव्हतं. एकदाही म्हटलं नव्हतं.